हिरवा खडा उजवीकडे

१

तारामतीमाईंच्या मानेमागची गाठ सुटेना, म्हणून बायकांनी मला हाक मारली.

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या त्या फ्लॅटमध्ये माई हॉलच्या मधोमध चटईवर होत्या. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवा शालू, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, नाकात डाव्या बाजूला मोत्यांची नथ. उशाशी कालचाच फोटो वाटावा असा हसरा फोटो, हार घातलेला. चैत्र संपत आला होता. पंखा गरम वारा फेकत होता, आणि त्या वाऱ्यानं फोटोवरचा हार हलला की माई मान हलवताहेत असं वाटायचं. मला तिकडे बघवेना.

मी प्रमिला. आमचे वडील नरहर पटवेकरी, आणि त्यांच्यामागे मी. मोती, पोवळी, सोन्याचे मणी रेशमात ओवून द्यायचे, हे आमचं काम. चाळीस वर्षं झाली. बायका माझ्या ओटीत दागिने टाकून जातात, चिठ्ठी नाही, पावती नाही. तोंडानं मी फटकळ आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण हाताबद्दल आजवर कुणी शब्द काढलेला नाही.

"मावशी, बघा ना ही गाठ," सूनबाई प्रणिता म्हणाली. "अंगावरचं सोनं उतरवायचंय. कापू का दोरी?"

"खबरदार! मी असताना दोरी कापतेस?"

मी गुडघे टेकले. माईंच्या गळ्यात त्यांचा तन्मणी होता. मोत्यांचे पाच सर, आणि मध्ये खड्यांचं लटकतं पदक, त्याला आम्ही खोड म्हणतो. आठ दिवस माझ्याकडे होता, परवाच मी तो नव्या रेशमात ओवून परत दिलेला. मानेमागे बोट घातलं तर चक्क निरगाठ! एकावर एक, दोनदा ओढून बांधलेली, पार्सलला बांधतात तशी. तन्मण्याला सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटणारी. प्रणिताला मीच शिकवली होती. माईंचं बघायला येणाऱ्या भाग्यलक्ष्मीलाही शिकवली होती. रेशमाला निरगाठ मारणारी बाई मला तरी माहीत नाही.

नखानं गाठ सोडवत होते तेवढ्यात नजर खोडावर गेली आणि हात जागच्या जागी थांबला.

त्या खोडात मध्ये हिरा आणि दोन बाजूंना दोन माणकं होती. फार वर्षांपूर्वी डावीकडचं माणिक पडलं. जोडीचं मिळेना, म्हणून आमच्या बाबांनी तिथे पाचू बसवला. माईंना तो इतका आवडला की पुढे त्यांनी तो कधी बदलू दिला नाही. हिरवा खडा डावीकडे, माईंच्या काळजाच्या बाजूला.

आज तो उजवीकडे होता.

मी मोती चिमटीत धरले. बसऱ्याचा मोती जड असतो, बोटाला गार लागतो. हे चुरमुऱ्यासारखे हलके होते.

"हा तन्मणी माईंचा नाही," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

२

पहिला गौतम उठला. माईंचा एकुलता मुलगा, सहा फूट उंच, रडून डोळे लाल झालेले.

"तुमच्या घरी होता तो आठ दिवस," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला त्याला? आई गेली ती याच धक्क्यानं. तिला कळलं असणार."

"तोंड सांभाळून बोल, गौतम."

"मी काय तोंड सांभाळू? चार वाजता आईला न्यायचंय. ते आटोपलं की तिथूनच पोलीस स्टेशनला जातो. नल्लकुंट्यात एक घर तुम्हाला दारात उभं करणार नाही."

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या सहाजणींचे दागिने त्या घडीला माझ्या कपाटात होते. एकीनं तर हळूच गळ्याशी हात नेला. खरं सांगते, आपल्याकडे सोनं नाही, जमीन नाही, आहे ते एवढं नाव, आणि ते संध्याकाळपर्यंत जाणार होतं.

"मावशींनी नाही घेतला," मेधा म्हणाली. माईंची मुलगी, पायाशी बसलेली, मलकपेठेहून आलेली. तिनं डोळे वर केले नाहीत. "त्यांना घ्यायचा असता तर आत्ता गप्प बसल्या असत्या ना, दादा."

कोपऱ्यातल्या खुर्चीत एकनाथराव होते. माईंचे यजमान, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. उभी हयात हैदराबादच्या कोर्टात वकिली केलेला माणूस.

"बाहेरच्यांनी बाहेर जावं," ते म्हणाले. "घरचे थांबा. भाग्यलक्ष्मी, तूही थांब. प्रमिला, तन्मणी आठ दिवस तुझ्याकडे होता?"

"हौ, आप्पा. होता."

"मग बदलला तो तू नाहीस, हे तुलाच दाखवावं लागेल. चारपर्यंत वेळ आहे. नंतर ती जळून जाईल, आणि तिच्याबरोबर काय काय जळेल ते मला माहीत नाही."

दार लागलं. आत आम्ही सहा माणसं, आणि माई.

३

मी भाग्यलक्ष्मीपासून सुरुवात केली. ती दाराला टेकून घामाघूम उभी होती. आपला नंबर येणार, हे तिला कळलं होतं.

"अय्यो, अम्मा, मला काही मालूम नाही," ती म्हणाली. "काल हळदीकुंकू झालं, सगळे बायका गेले. मीच अम्माच्या गळ्यातून काढला, डब्बीत ठेवला, कपाटात ठेवला. साडेसातला मी घरी गेले. सकाळी आठला आले तर अम्मा आरशासमोर खुर्चीत. गळ्यात हाच. मान अशी, खाली."

"हात कुठे होते?"

"एक हात हिरव्या खड्यावर. असा घट्ट पकडला होता. मी सोडवला."

कालच्या हळदीकुंकवानंतर रात्रभरात माणूस खुर्चीत मरून बसतं, आणि बोट नेमकं त्या खड्यावर.

"तिच्या गोळ्या?" आप्पांनी विचारलं. माईंना छातीचं दुखणं होतं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची चांदीची डबी त्यांच्या पदराच्या टोकाला कायम बांधलेली असे. झोपतानासुद्धा.

"पदर सुटलेला होता," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "डबी कपाटावर होती. वरती, एकदम वरती. स्टुलावर चढून मी काढली."

माईंचा खांदा दोन वर्षांपासून धरलेला होता. हात छातीच्या वर जात नसे. कपाटावर डबी ठेवणं सोडाच, मानेमागे गाठसुद्धा त्यांना मारता यायची नाही.

"म्हणजे सकाळी कुणीतरी खोलीत गेलं होतं," मी म्हणाले. "तन्मणी कुणीतरी बांधला. प्रणिता?"

"मी सहापासून स्वयंपाकघरात होते." तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "मी गेले नाही. शप्पथ. मी कशाला जाईन?"

"आणि मी आठपर्यंत झोपलो होतो," गौतम म्हणाला. "काल रात्रीपासून आईच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही मी. झालं समाधान?"

"सकाळी सकाळी त्यांनी तन्मणी घातलाच कशाला, हे सांगा कुणीतरी."

मेधा रडायला लागली.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "काल रात्री फोन आला होता. म्हणाली, उद्या नऊला ये. डब्यातून नाही देणार, माझ्या गळ्यातून तुझ्या गळ्यात घालणार."

हे मात्र मी ओळखून होते. वीस वर्षांपूर्वी मेधानं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, आणि माईंनी तिला एक मणीदेखील न देता घराबाहेर काढलं. रिकाम्या गळ्यानं गेली पोर. पुढे माई निवळल्या, येणंजाणं सुरू झालं, पण ते शल्य राहिलं. माझ्याकडे तन्मणी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "प्रमिला, रेशीम चांगलं घाल. तो आता लांब जायचाय."

"तो सुनेला मिळायचा दागिना होता," गौतम म्हणाला. "चार पिढ्या. घरातला दागिना घरात."

प्रणितानं एकदम मान खाली घातली.

"मला एक आठवतंय," आप्पा सावकाश म्हणाले. "सातच्या सुमाराला भिंतीपलीकडून तिचा आवाज आला होता. 'हे उलटं कसं?' एवढंच. मला वाटलं, पोलकं उलटं घातलं असेल. मी हाक मारली नाही. उठलो नाही." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "मारायला पाहिजे होती हाक."

४

दोन वाजून गेले. खाली गाडी येऊन उभी राहिली, आणि गौतम दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन बघून येऊ लागला.

मी तो खोटा तन्मणी घेऊन खिडकीशी बसले. काम करतानाची सवय आहे, दागिना हातात आला की आधी रेशीम बघायचं, मग मणी. रेशीम पांढरंशुभ्र होतं. मी ते नाकाला लावलं. परत लावलं.

आणि जीव भांड्यात पडला.

"आप्पा," मी म्हणाले, "काल चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पन्नास बायका आल्या होत्या. प्रत्येकीनं माईंना हळद लावली, अत्तर लावलं, आणि गुलाबपाणी कुणी शिंपडलं? मी! तीन गुलाबदाण्या संपवल्या. माई ओरडल्यासुद्धा, अगं मोत्यांवर नको. मी म्हटलं, कालच ओवलेत, उद्या परत ओवीन."

"मग?"

"रेशीम वास धरतं. हळद तर धरतंच धरतं, धुतली तरी पिवळी राहते. काल माईंच्या गळ्यात होता त्या तन्मण्याच्या रेशमाला आत्ता गुलाबाचा वास यायला हवा, पुढच्या सरांना हळदीची बोटं दिसायला हवीत. याला दुकानातल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." मी तो त्यांच्या हातात दिला. आप्पांनी वास घेतला. "म्हणजे मी आणून दिलेला तन्मणी काल संध्याकाळपर्यंत माईंच्या गळ्यात होता. बदलला तो त्यानंतर. रात्री. या घरात."

मेधानं माझा हात दाबला. मी सुटले होते. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं.

"तर मग हिनं!" गौतम भाग्यलक्ष्मीकडे वळला. "डब्यात ठेवला कुणी? हिनं. कपाटाची किल्ली कुठे असते ते कुणाला माहीत? हिला. पोलिसांना दोन मिनिटं लागतील कबूल करून घ्यायला."

"सार, नक्को सार, लेकरं हायत माझे." ती मटकन खालीच बसली. तिच्या बाजूनं बोलणारं त्या खोलीत कुणी नव्हतं, आणि गौतमला ते पुरतं ठाऊक होतं. आपल्याला सोडलं आणि तिला धरलं, एवढाच काय तो न्याय! मला संताप आला. संतापले की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, नाहीतर हात उठायचा. मी दुसरीकडे बघितलं.

समोर फोटो होता. हार घातलेल्या माई, शेजारी अर्धा कापलेला कुणाचा तरी खांदा. गळ्यात तन्मणी. नाकात नथ.

मी खाली चटईवरच्या माईंकडे बघितलं. परत फोटोकडे बघितलं.

"हा फोटो कुणी काढला?" मी विचारलं.

५

"मी," गौतम म्हणाला. "तिच्या पंचाहत्तरीला. सेल्फी आहे, आमचा दोघांचा. सकाळी कोठीच्या बाजारातून मोठा करून आणला. त्याचं काय आता?"

"नथ कुठल्या नाकपुडीत आहे, बघ."

तो फोटोपुढे वाकला.

"आपली नथ डावीकडे," मी म्हणाले. "माईंचं उजवं नाक कधी टोचलेलंच नव्हतं. ही बघ, समोर आहेत त्या. आणि फोटोत नथ उजवीकडे. तुझा फोन फोटो उलटा ठेवतो, आरशात दिसतो तसा. फोटोत नथ उलटी, आणि खोडही उलटं. हिरवा खडा उजवीकडे."

आप्पांची काठी जमिनीवर एकदा वाजली. "पुढे बोल."

"ही नक्कल या फोटोवरून केलीय, आप्पा. खरा तन्मणी कारागिराला दाखवलाच नाही, दाखवला असता तर खडा चुकला नसता. कारागीर आपला मराठी असता तर लगेच म्हणाला असता, फोटो उलटाय, नथ बघा. पण इथल्या तेलुगू बायका उजवीकडेही घालतात. कारागिराला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यानं दिसलं तसं केलं."

"तो फोटो ग्रुपवर आहे," गौतम म्हणाला. घाम त्याच्या कानामागून ओघळत होता. "सगळ्यांकडे आहे. प्रणिताकडे आहे. मेधाकडे आहे."

"आहे ना. पण मेधा रात्री मलकपेठेला होती. भाग्यलक्ष्मी साडेसातला गेली. रात्री घरात तुम्ही तिघं. आप्पांना दिसत नाही. राहिलात तुम्ही नवराबायको. आणि प्रणिताला सुरगाठ येते, मी शिकवलीय. घाईत असली, घाबरली असली तरी तिची बोटं सुरगाठच मारतील. ही गाठ ज्याच्या गळ्यात कधी तन्मणी पडला नाही त्यानं मारलीय. आणि डबी स्टुलाशिवाय कपाटावर ठेवणारा या घरात एकच आहे."

"खोटं आहे! पुरावा काय? गाठ? वास?" तो ओरडला. "खरा तन्मणी कुठाय मग? दाखवा! दाखवा ना!"

प्रणिता उठली. आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात जुनी पैठणी होती, घडी केलेली. तिनं ती आप्पांच्या मांडीवर ठेवून उलगडली. गुलाबपाण्याचा वास मला बसल्या जागी आला.

"सकाळी सासूबाईंच्या अंगावर घालायला शाल काढत होते तेव्हा सापडला," ती म्हणाली. "चोवीस वर्षं हे मला सांगत होते, हा तुझाच आहे. मला वाटलं, सासूबाईंनी जाता जाता विचार बदलला, गुपचूप माझ्या कपाटात ठेवला. त्यांच्या गळ्यातला मग कोणता, हे मी मनात येऊच दिलं नाही. मला इतका आनंद झाला हो, मावशी. त्या बाहेर मेलेल्या, आणि मला आनंद झाला. मग तुम्ही म्हणालात, हा माईंचा नाही. तेव्हापासून मला यांच्याकडे बघवत नाहीये."

गौतम भिंतीला टेकून खाली बसला. एवढा उंच माणूस, बसल्यावर केवढासा दिसला.

"मी फक्त बदलला होता," तो म्हणाला. "मेधाला फरक कळला नसता. कुणालाच कळला नसता. आईनंच हाक मारली, बांधून दे म्हणाली. मी बांधला. तिनं आरशात बघितलं आणि म्हणाली, हे उलटं कसं? मग माझ्याकडे बघितलं. आरशातूनच. काही बोललीच नाही नंतर. छाती धरली." तो थांबला. "डबी मी सोडवली पदराची. द्यायलाच सोडवली होती, आप्पा. झाकणही उघडलं होतं."

"मग?"

"मग वाटलं, आता ही बरी झाली तर सांगणार."

मेधानं तोंडात पदर कोंबला. खाली गाडीवाल्यानं हॉर्न दिला, दोनदा.

आप्पा बराच वेळ तन्मण्यावरून अंगठा फिरवत होते. मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. पण त्यांनी मान वर केली आणि कोर्टात बोलावं तसं बोलले.

"भाग्यलक्ष्मी, खाली जाऊन गाडी परत पाठव. आज चारला न्यायचं नाही. पोलिसांना मी स्वतः फोन करतो. ते तपासतील, मग नेऊ. गौतम, तू इथून हलायचं नाहीस." त्यांनी हात मेधाच्या दिशेनं केला. "अग्नी मेधा देईल."

गौतमनं "आप्पा" म्हणून हाक मारली. त्यांनी तोंड वळवलं नाही.

"प्रमिला, तिनं मेधाला दिलेला शब्द पुरा कर. पोलीस येतील, हा पुरावा म्हणून घेऊन जातील. कायदा मला कळतो. पण त्याआधी हे झालं पाहिजे."

मी तन्मणी माईंच्या गळ्यावर ठेवला. पुढच्या सरांवर हळदीची पिवळी बोटं तशीच होती. त्यात माझंही एक असेल. घटकाभर तो तिथे राहू दिला, आणि मग उचलून मेधाच्या गळ्यात घातला. प्रणितानं पुढे होऊन मेधाचे केस वर धरले. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाठ दोनदा सुटली.

"घट्ट होतोय का गं?"

"होऊ दे, मावशी."

मी सुरगाठ मारली. पुढे येऊन बघितलं, हिरवा खडा डावीकडे आला होता.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले, आणि फोन उचलून त्यांच्या हातात दिला.